आजोबा, बाबा आणि मी: तिघांची निसर्गचित्रं एकत्र कशी लावावीत?

गोदाकाठची: नमस्कार मंडळी. आजोबा नाशिकला चित्रकला शिक्षक होते. रविवारी सायकलला बोर्ड बांधून मखमलाबादकडे निघायचे; मळे, मोट, घाटावर धुणं धुणाऱ्या बाया, सगळं जलरंगात. बाबांना शहराची ओढ: भद्रकालीतले वाडे, रविवार कारंजा, पावसातली द्वारका. मी ॲक्रिलिकमध्ये मुंबई नाक्याचा उड्डाणपूल आणि गंगापूर रोडची अर्धवट बांधकामं रंगवते.

तिघांचं प्रदर्शन करायचंय. बाबा म्हणतात, पिढीगणिक एक भिंत. मला ते अजिबात पटत नाही. लोक आजोबांच्या भिंतीपाशी 'काय सुंदर होतं हो नाशिक' म्हणतात आणि पुढच्या चित्रांवरून नुसती नजर फिरवतात. आजोबा समोर दिसेल ते रंगवायचे, मीही तेच करते. हे भिंतीवर कसं दिसेल? शिवाय आजोबांच्या कागदांवर तपकिरी ठिपके पडलेत, त्याचं काय करू?

ओला_वॉश: ताई, ठिकाणानुसार लावा. नारोशंकराचं देऊळ तिघांपैकी कुणी कुणी केलंय ते शोधा आणि ती चित्रं शेजारी टांगा, क्षितिजरेषा एका उंचीवर ठेवून. चौकटी खालीवर झाल्या तरी चालतील.

चित्रकारांचं पिसारो घराणं आठवलं. कामीय पिसारोने (1830–1903) पॅरिसजवळच्या पाँत्वाझची शेतं रंगवली. डोळ्यांच्या दुखण्याने उघड्यावर बसणं अवघड झालं, तेव्हा 1897 मध्ये पॅरिसच्या हॉटेलच्या खिडकीतून बुलेव्हार मोंमार्त्र रंगवला: सकाळचा, पावसातला, रात्रीचा. शेत आणि रस्ता, हात एकच. त्यामुळे 'आजोबा म्हणजे गाव, नात म्हणजे शहर' अशी वाटणी नका करू. त्याचा मुलगा लुसियाँ लंडनला स्थायिक झाला. लुसियाँची मुलगी ओरोविदा तर आडनाव गाळून नुसतं 'ओरोविदा' अशी सही करायची आणि प्राणी रंगवायची.

जुना_कागद: ठिपक्यांना हात लावू नका, घरी ब्लीच तर मुळीच नको. दमटपणात बुरशी धरते किंवा कागदातल्या लोहकणांना गंज चढतो, त्याचे ते डाग. जुना पुठ्ठा काढून ॲसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा) घाला, काच आणि कागद यांत फट राहू द्या. हे काम कागदाच्या संवर्धनातल्या माणसाकडूनच करून घ्या. प्रदर्शनात जलरंगांवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. किरमिजी छटा एकदा उडाल्या की परत येत नाहीत. आजोबांच्या संध्याकाळी त्याच रंगात असणार.

गोदाकाठची: दोघांचे मनापासून आभार. काल ट्रंक उघडली. आजोबांचं नारोशंकर उन्हातलं आहे, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी. कागदाच्या कडेला पेन्सिलीने 'सावली घाईत' लिहिलंय. बाबांचं 2019 च्या पुरातलं, घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडालेली. माझं नाहीच! शनिवारी बोर्ड घेऊन घाटावर जाते. बाबाही येतो म्हणालेत, भिंतींचा वाद तिथेच मिटवू.