'फ्रंट'ला मराठीत काय म्हणायचं? आणि एस्चुअरी म्हणजे खाडीच ना?

भाषांतरी:
नमस्कार मंडळी. एक छोटी पुस्तिका मराठीत आणतेय. वाचणार मच्छीमार सोसायट्यांचे सभासद आणि किनाऱ्यावरच्या शाळांतली मुलं. दोन शब्दांपाशी गाडी रुतली आहे.

पहिला 'ओशन फ्रंट'. दोन वेगळ्या जातींचं पाणी, म्हणजे एक गार एक कोमट, किंवा एक खारट एक गोडसर, जिथे एकमेकांना भिडतं ती रेघ. पाणी तिथे दोन्हीकडून येऊन खाली जातं, पण तरंगणारं सगळं वर राहतं. म्हणून फेस, पालापाचोळा, शेवाळ एका ओळीत गोळा होतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, साचतं, त्यामागे तारली-बांगडे येतात, त्यांच्यामागे सुरमई आणि कुपा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठे सापडतील ते कळवते, त्यातही याच रेघा शोधतात. मी 'सागरी आघाडी' लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, "कोणकोणते पक्ष आहेत?"

दुसरा 'एस्चुअरी'. नदी समुद्राला मिळते तिथला, भरतीचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी मिसळतं तो भाग. मी डोळे झाकून 'खाडी' लिहिलं. गोव्याच्या एका वाचकाने सांगितलं, मांडवीला खाडी म्हणालात तर पणजीत लोक तुम्हाला रस्ता चुकलेले समजतील.

नाना_सदाशिव:
संपादकांना सांगा, हसायचं कारण नाही. 'फ्रंट' हा शब्दच मुळात युद्धातला आहे. पहिलं महायुद्ध संपत असताना नॉर्वेत बर्गनला ब्यर्कनेस आणि त्यांचे सहकारी हवामानाचा अभ्यास करत होते. गार हवा आणि उबदार हवा समोरासमोर येते ती रेघ त्यांना रणांगणासारखी वाटली आणि त्यांनी 'फ्रंट' म्हटलं. समुद्रवाल्यांनी तो तिथून उचलला. तेव्हा 'आघाडी' अगदी चपखल. पक्षांनी शब्द पळवला म्हणून आपण सोडून द्यायचा का?

शुद्धमती:
जुन्या हवामानाच्या पुस्तकांत 'सीमापृष्ठ' आहे. नेमका, संस्कृतोद्भव, कोणत्याही राजकारणाविना. वापरा आणि मोकळ्या व्हा.

दाभोळचा:
ताई, माझा काका डोल लावायचा, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत भरणारं पिशवीसारखं जाळं. त्याला जाऊन सांगा, 'काका, आज सीमापृष्ठावर जाळं टाका'. तो आधी तुम्हाला चहा देईल आणि मग डॉक्टरकडे नेईल.

शुद्धमती:
काकांना 'फोटोसिंथेसिस'ही कळत नसेल. म्हणून मुलांना शिकवायचं नाही का? बोलीतला शब्द असेल तर द्या ना, नुसती टर उडवून शब्द तयार होत नाहीत.

दाभोळचा:
मान्य. एकच शब्द आहे असं नाही सांगता येणार. काका म्हणायचा, 'पाणी फाटलंय बघ'. पावसाच्या सुरुवातीला वाशिष्ठीचं लाल पाणी दाभोळच्या तोंडाबाहेर पडतं. बाहेर हिरवं, आत लाल, मध्ये सरळ रेघ, जणू कुणी सुरीने कापलंय. तिच्यावर पक्षी. तो बोट त्या रेघेला समांतर न्यायचा, ओलांडायचा नाही. आता पहिल्या पावसात तसंही यांत्रिक मासेमारीला बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे मी हे लहानपणी किनाऱ्यावरून पाहिलेलं सांगतोय.

तोक्योतली_मावशी:
काय सुंदर. जपानीत याला 'शिओमे' म्हणतात. 'शिओ' म्हणजे भरतीचं पाणी, प्रवाह. 'मे' म्हणजे डोळा, पण विणीच्या टाक्यालाही तोच शब्द. ईशान्य किनाऱ्यावर सानरिकूच्या समोर कुरोशिओ आणि ओयाशिओ भिडतात. एक दक्षिणेकडून येणारा उबदार, दुसरा उत्तरेचा गार आणि खाद्याने भरलेला. कुरोशिओ म्हणजे काळा प्रवाह, आणि ओयाशिओतला 'ओया' म्हणजे आईबाप, कारण तो माशांना पोसतो. म्हणून तिथली बंदरं मासळीने गजबजलेली. इथे मासळीबाजारात कुणालाही 'शिओमे' कळतो. आपल्याकडे 'फाटलंय' आणि तिकडे 'टाका'!

नाना_सदाशिव:
मग 'शिवण' म्हणा. पाण्याची शिवण. फाटलंही आणि शिवलंही.

माटुंगेकर:
शिवण कशाला, 'शीव' म्हणा की! गावाची शीव, शेताची शीव. आमच्या शेजारचं सायन म्हणजे शीवच ना. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती हद्द. पाण्याची शीव. गंमत म्हणजे शीव हा 'सीमा'चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. शुद्धमतीताईंचं सीमापृष्ठ आणि काकांची शीव एकाच घरच्या.

शुद्धमती:
हे मात्र आवडलं. तरी पृष्ठ राहिलं. ही नुसती रेघ नाही, खोलवर तिरपी जाणारी सपाटी असते. 'शीव' म्हटल्यावर ती दिसत नाही.

दाभोळचा:
मासा खाली कुठे आहे ते जाळं सांगतं, शब्द नाही.

पणजीकर_परब:
मूळ प्रश्नातला तो गोव्याचा वाचक मी नव्हे, पण असतो तर आनंद झाला असता. मांडवी आमची न्हंय. नदी. कोकणातल्या लोकांना खारं पाणी दिसलं की खाडी आठवते. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं, पावसात बहुतेक पात्र गोडं होतं. एकाच वर्षात तीच जागा दोन वेगळ्या नद्या. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथेच दोनापावलाला आहे, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी आमच्यासारख्या नद्यांना 'मान्सूनी एस्चुअरी' असं वेगळंच नाव दिलं, कारण युरोपातल्या व्याख्या आमच्या पावसाला पुरत नाहीत.

दाभोळचा:
परबसाहेब, मग आमची दाभोळची खाडी काय? तीही वाशिष्ठीच. पण समुद्राकडून आत जाईपर्यंत आम्ही खाडी म्हणतो आणि वर चिपळूणकडे गेलं की नदी. कुठे बदलते ते गावागावाने वेगळं. बाणकोटला सावित्री, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटण. सगळ्या खाड्या, सगळ्या नद्या.

आणि व्याख्येचं म्हणाल तर आमच्याकडे कोयनेने घोटाळाच केलाय. तिकडच्या वीजघरातून सुटलेलं पाणी घाट उतरून वाशिष्ठीला मिळतं. उन्हाळ्यातही वरचा भाग गोडा. आजी म्हणायची, 'आमची खाडी आता शिमग्यालाही गोडीच'. पाणी गोडं झालं की तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, मिटून बसतात आणि फार दिवस तसंच राहिलं तर मरतात. वीज आली, तिसऱ्या गेल्या, असा तिचा हिशोब. पूर्ण खरा नसेल, पण रागात दम होता.

लॅटिनचा_मास्तर:
व्युत्पत्तीकडे वळू. एस्चुअरीचं मूळ 'एस्टस', म्हणजे भरती. उकळणं हाही अर्थ त्यात. शब्दात नदी कुठेही नाही. म्हणून मला 'भरतीमुख' सुचवावंसं वाटतं. हिंदीत 'ज्वारनदमुख' आहेच.

माटुंगेकर:
'भरतीमुख' वाचून मला वाटलं तिथे तलाठ्यांची परीक्षा आहे. आणि ज्वारनदमुख वाचून भाकरी आठवली.

लॅटिनचा_मास्तर:
थट्टा करा. पण हिंदीचा एक खरा त्रास ऐका. हिंदीत खाड़ी म्हणजे आपलं आखात किंवा उपसागर. बंगालचा उपसागर तिकडे 'बंगाल की खाड़ी'. बातम्यांमध्ये आता 'खाडी देशांतून परतलेले कामगार' असं मराठीतही दिसायला लागलंय. म्हणजे सौदीतला माणूस आणि ठाण्याच्या खाडीतला रोहित पक्षी एकाच पाण्यात! आपल्याकडे 'आखाती' इतका चांगला शब्द आहे.

पणजीकर_परब:
ठाण्याच्या खाडीचं नाव निघालंच म्हणून सांगतो. तिला एस्चुअरी म्हणताना पुष्कळ अभ्यासक अडखळतात, कारण वरून गोडं पाणी फारसं मिळत नाही. उल्हासचं मुख्य पाणी वसईच्या बाजूला जातं. म्हणजे 'खाडी'चे दोन अर्थ झाले: जिला नदी आहे ती, आणि जिला नाही ती. भाषांतरीताई, पुस्तिकेत यापैकी कोणती?

भाषांतरी:
जिला नदी आहे ती. पण परिच्छेद कोळंबीचा आहे. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पिल्लं भरतीबरोबर आत येतात, कांदळवनाच्या मुळांत आणि गाळात वाढतात आणि मोठी झाली की परत बाहेर जातात. जिताडा विणीला मुखाकडे येतो, पिल्लं आत शिरतात. इथे मूळ मजकुरात 'नर्सरी' आहे. 'पाळणाघर' म्हणू का?

नाना_सदाशिव:
पाळणाघर नको, तिथे आई सोडून कामावर जाते. खरं तर इथेही आई परत येत नाही. असू दे, पाळणाघरच.

दाभोळचा:
'रोपवाटिका' लिहिलंत तर मी पुस्तिका चुलीत घालीन. एवढंच सांगतो.

तोक्योतली_मावशी:
जिताड्याचं कालवण कोण कसं करतं? माझी आजी अलिबागची. तिच्याकडे त्यात आमसूल की चिंच यावर घरात भांडण होतं.

शुद्धमती:
विषय फ्रंट आहे.

दाभोळचा:
चिंच. पण ताजा असेल तर आमसूल चालतं.

माटुंगेकर:
फ्रंटला एक शेवटचा. पाण्यावरची ती रेघ केसांतल्या भांगासारखी दिसते. 'पाण्याचा भांग' कसा वाटतो?

पणजीकर_परब:
दिसायला सुरेख, पण शब्द आधीच अडकलेला आहे. अष्टमीच्या आसपासची कमी चढउताराची भरती म्हणजे भांगाची भरती. उधाणाच्या उलट. काकांना 'भांगावर जा' म्हणालात तर ते म्हणतील, भांगाला ओढ कमी असते, डोल नीट भरत नाही.

लॅटिनचा_मास्तर:
आता हा भांग केसांतलाच, की 'भंग' म्हणजे मोडणं, ओसरणं? माझा कल दुसऱ्याकडे.

दाभोळचा:
भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. केस विंचरल्यासारखं पडून राहतं. माझा कल पहिल्याकडे.

भाषांतरी:
मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे हो.

लॅटिनचा_मास्तर:
केसांचा भांगही 'भंग'वरूनच आला असेल, तर?