इंदूर: खिडक्या बदलायला नगर निगमची परवानगी लागते का?

प्रश्न (रामबागवाले): तळमजल्यावरच्या तीन लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) बसवायच्या आहेत. दोन त्याच मापाच्या, तिसरी 4 फुटांची 6 फूट करायची आहे. निगमला कळवावं लागेल?

नकाशेवाला: 2016च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत भिंतीत खिडकी, दार नव्याने काढणं किंवा असलेलं बुजवणं परवानगी न लागणाऱ्या बदलांत येतं. अट एकच, पण मोठी: मजबुती, अग्निसुरक्षा आणि इतर नियम मोडता कामा नयेत. आपल्याकडे मध्य प्रदेश भूमि विकास नियम, 2012 लागू आहेत, म्हणून मंजूर नकाशा घेऊन झोन कार्यालयात एकदा विचारा. पहिल्या दोन खिडक्यांची काळजी नको, तिसरीची करा.

विटामाती: बरोबर. रुंदी वाढली की जुना लिंटेल, म्हणजे खिडकीवरची भार पेलणारी आडवी तुळई, आखूड पडतो. नवा दोन्हीकडे किमान 150 मिमी टेकला पाहिजे, म्हणजे 6 फुटांना 7 फुटी. आधी स्लॅबला टेकू, मगच फोडकाम. घाई केली की कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणतील, ऐकू नका.

चौकट: माप प्लास्टर खरवडून घ्या, रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी. सर्वांत लहान मापातून 10 मिमी वजा करून फ्रेम सांगा. खालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं सिलिकॉनने बुजवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत.

नकाशेवाला: फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी संमतीही घ्या, दर्शनी भाग बदलतो.