अभ्यासिकेला यशवंत घाडगे यांचं नाव द्यावं का?

नेरुळची_गच्ची
आमच्या सोसायटीत तळमजल्यावर अभ्यासिका होतेय. मी नाव सुचवलं, नाईक यशवंत घाडगे. माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात सगळी तुकडी पडली, हे एकटे उरले. तसेच धावत सुटले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मग स्नायपरनी टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. सभेत मात्र 'इंग्रजांचा शिपाई' म्हणून नाव बाजूला पडलं. पटतं का हे?

सेक्टर_वीस
पटतं. शौर्याबद्दल वाद नाही. पण त्याच जुलैत आझाद हिंदचे जवान उपाशीपोटी, पावसाचिखलातून इंफाळहून मागे फिरत होते. बेचाळीसची कितीतरी माणसं तुरुंगात होती. द्यायचंच तर रामा राघोबा राणेंचं द्या. कारवारचे, परमवीरचक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली. मिटला विषय.

घणसोलीकर
कुठला मिटतोय! राणे १९४० मध्ये इंग्रजांच्याच सैन्यात भरती झाले, ब्रह्मदेशात लढले. ते चालतात?

सेक्टर_वीस
शब्दांत पकडू नका. त्यांना परमवीर आपल्या लढाईसाठी मिळालं.

माहेरची_माणगावकरीण
तिकडे भाताचं एकच पीक. पोटासाठी पोरं पलटणीत जायची, राजा कोण हे बघून नाही. आणि पलटणीची गर्जना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, इंग्रज राजाच्या नाही. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, तिथे कुणी असले प्रश्न विचारत नाही.

घणसोलीकर
इटलीत मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघडी उभारलीय. आणि आपण एका खोलीसाठी भांडतोय.

सेक्टर_वीस
त्यांना नाझींपासून सोडवलं, ते उभारणारच. आपल्याला कुणापासून सोडवलं?

नेरुळची_गच्ची
हे झोंबलं. उत्तर नाही माझ्याकडे. पण अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनाही हा प्रश्न पडू दे की. पाटीवर पलटण, तारीख आणि 'तेव्हा देश पारतंत्र्यात होता' एवढं लिहू. रविवारी पुन्हा मांडतो.

सेक्टर_वीस
मांडा. मी विरोधातच हात वर करणार. पण मंजूर झालंच तर ती शेवटची ओळ बारीक अक्षरात नको.