परदेशवारीचं बजेट नेमकं कुठे फुटलं?

तिकीट, हॉटेल, व्हिसा हे आकडे सगळेच मांडतात. माझ्या मते बजेट फुटतं ते त्यांच्याखालच्या 'इतर' या ओळीत. तुमचं कुठे फुटलं, ते सांगा. सुरुवात मी करते.

युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो धरली होती. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि व्हिसासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा मात्र धरलाच नाही. पुढे ॲम्स्टरडॅमला सगळं आगाऊ भरलंय या तोऱ्यात चावी मागितली, तर आधी पर्यटन कर. खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के!

*

आमचं कार्डाच्या मशीनवर फुटलं. बिल स्थानिक चलनात की तुमच्या, असं ते विचारतं. आपल्या चलनातला आकडा लगेच कळतो म्हणून नवरा दर वेळी तेच बटण दाबायचा. घरी स्टेटमेंट पाहिलं, तर प्रत्येक खरेदीला त्या मशीनवाल्यांचा चढा दर लागलेला. एटीएमसुद्धा हाच प्रश्न विचारतं. आता नवऱ्याला बटणाजवळ जाऊ देत नाही.

*

जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास जुन्या माहितीवरून २९,६५० येन धरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० झाला, हे बुकिंग करताना कळलं. आधी चरफडलो, मग कागद घेऊन बसलो. टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन सुटी तिकिटं ३०,०००च्या आतच बसत होती. आम्हाला दुसरीकडे जायचंच नव्हतं, मग पास हवा कशाला?

*

'इतर'साठी पंधरा टक्के ठेवतो. पुरत नाहीत.

*

गाडी भाड्याने घेतली, तर काउंटरवर डिपॉझिट म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवली. पैसे कापले जात नाहीत, पण लिमिट तेवढी कमी होते. मला हे माहीत नव्हतं. पुढच्या हॉटेलात कार्ड दोनदा नाकारलं गेलं, मागे रांग, बायको छताकडे बघतेय. तेव्हापासून डिपॉझिटला एक कार्ड, खर्चाला दुसरं.

*

आमच्याकडे हिशेबाची वही मुलीकडे. युरोपात रोज रात्री पलंगावर पावत्या पसरून बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, स्टेशनवरच्या टॉयलेटचा एक युरो लिहिला नाहीस."

नव्हता लिहिला. आणि एक नाही, चौघांचे चार होते.