विखंडनाच्या समीकरणात न्यूट्रॉन २ की ३?

कोथरूडकर: युरेनियम-२३५ वर न्यूट्रॉन आदळून बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ होतात. २३५ वजा २३३ म्हणजे २ न्यूट्रॉन; मग उत्तरात ३ का? बारावीतल्या मुलीला समजवायचंय.

औंधकर: आदळणारा न्यूट्रॉनही डावीकडे धरा. २३५ + १ = २३६; उजवीकडे १४१ + ९२ = २३३, उरले ३. अणुअंकही जुळतात: ९२ = ५६ + ३६. वरचे आकडे (वस्तुमानांक) वेगळे जुळवा, खालचे (अणुअंक) वेगळे. रसायनातल्यासारखं दोन्हीकडचे अणू मोजत बसू नका, इथे मूलद्रव्यच बदलतं.

कोथरूडकर: पटलं. आणि बीटा ऱ्हास, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो?

सिंहगड रोड: खरी गफलत तिथेच होते. इलेक्ट्रॉनचा वरचा आकडा ०, खालचा −१. कार्बन-१४ साठी ६ = ७ − १, म्हणून नायट्रोजन-१४. शिवाय अँटीन्यूट्रिनो (इलेक्ट्रॉनसोबत बाहेर पडणारा कण, वर-खाली दोन्ही आकडे ०) लिहायला सांगा. त्याच्याशिवायही दोन्ही बेरजा जुळतात, म्हणूनच तो हमखास राहून जातो.