विंड शियरला मराठीत काय म्हणाल?

विमान उतरताना वैमानिक वाऱ्याला कसं तोंड देतात, यावरचा एक लेख मराठीत करतोय. टर्ब्युलन्सला शब्द पुष्कळ सुचले, विंड शियरपाशी गाडी अडली. ‘वातकर्तन’ लिहिलं, तर बायको म्हणाली, "हे कुठलं नवीन सलून?" केशकर्तनालयाने त्या शब्दाची पार वाट लावलीय. दुसरं काही?

*

कर्तन तसं चूक नाही. हवेचे शेजारशेजारचे थर वेगळ्या वेगाने किंवा दिशेने वाहतात, कातरीच्या पात्यांसारखे. पण वैमानिकाला घाम फुटतो तो बदलाच्या झपाट्याने. समजा, हवेतला वेग १४० नॉट, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर, आणि समोरून २० नॉटचा वारा. काही सेकंदांत तोच वारा पाठून २० नॉटने येऊ लागला, तर जड विमान लगेच वेग धरत नाही. पंखांवरून जाणारी हवा १०० नॉटवर येते. जमीन जवळ, सावरायला उंची नाही. मी ‘वारापालट’ म्हणेन.

*

वारापालट वाचून लोक हवापालटाला निघतील हो, महाबळेश्वरला!

गंमत अशी, की आपल्याकडे ‘वारा पडला’ म्हणजे वारा थांबला. मायक्रोबर्स्टमध्ये तो खरोखरच पडतो. ढगातून थंड हवेचा झोत खाली आदळतो आणि अंगणात बादली उपडी करावी तसा चहूकडे पसरतो. त्यात शिरलेल्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, वेग वाढलेला दिसतो, वैमानिकाला इंजिनांचा जोर कमी करावासा वाटतो. लगेच वरून दाब, मग पाठचा वारा. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला उतरणारं डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान यातच सापडलं, १३७ जण गेले. १९७५ च्या न्यूयॉर्कच्या अपघातानंतर असे झोत शोधून काढले ते हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी. मायक्रोबर्स्टला नुसतं ‘झोत’ पुरे. ‘अधोवात’ तेवढं करू नका, पोटाचा विकार वाटेल.

*

टर्ब्युलन्सला सरसकट ‘हादरे’ लिहू नका. हेलकावा होडीचा, सावकाश. गचका एसटीचा, पोट वर राहतं आणि आपण खाली. हादऱ्यात सगळा सांगाडा खडखडतो. आणि ‘एअर पॉकेट’चं ‘हवेची पोकळी’ तर मुळीच नको, तिथे पोकळी-बिकळी काही नसते, हवाच खाली जात असते.

मागच्या जुलैत मुंबईत उतरताना धावपट्टी दिसायला लागली होती, तोच इंजिनं गरजली आणि विमान पुन्हा वर. शेजारी आत्या. माझं मनगट घट्ट धरून विचारते, "स्टॉप चुकला का रे?"

*

सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा ‘विंड शियर, म्हणजे वाऱ्याचा अचानक पालट’ असं लिहून पुढे विंड शियरच ठेवतोय. कॉकपिटमधलं यंत्रही ‘विंडशियर, विंडशियर, विंडशियर’ असंच ओरडतं. तेव्हा पूर्ण जोर द्यायचा, नाक वर घ्यायचं, चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मात्र वाऱ्यातून सुटेपर्यंत आहेत तसेच ठेवायचे. टर्ब्युलन्सला ‘गचके’ पक्के.

आता गो-अराउंड राहिलं, म्हणजे उतरता उतरता विमान पुन्हा वर नेणं. ‘पुनरुड्डाण’ नको, प्लीज. आत्यांना विचारून बघा.