मुक्तिदिनाला ‘फिदेलिओ’: गद्य संवाद, बाहेरचा ट्रम्पेट आणि कैद्यांचा कोरस

सुरंगी:
गोवा मुक्तिदिनाच्या आठवड्यात बेथोव्हेनचा ऑपेरा ‘फिदेलिओ’ (पुरुषवेषात तुरुंगात शिरून नवऱ्याला सोडवणाऱ्या लिओनोरची जर्मन गोष्ट) नेपथ्याशिवाय, नुसता मैफलीसारखा करायचा बेत आहे. आग्वादच्या जुन्या तुरुंगाचं आवार की पणजीची कला अकादमी, हे अजून ठरायचंय. श्रोते निम्मे चर्चच्या कॉयरमधले, निम्मे संगीत नाटकवाले. जर्मन कुणालाच येत नाही. गद्य संवाद ठेवायचे का? रंगमंचाबाहेरून वाजणारा ट्रम्पेट कुठे उभा करायचा? आणि मधे ‘लिओनोर’ क्रमांक ३ ही याच ऑपेराची आधीची ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) घ्यायची का?

खाजन:
आग्वाद विसरा. तुरुंगाची गोष्ट तुरुंगात, हे पत्रिकेवर छान दिसतं. पण कैद्यांचा कोरस अगदी दबक्या आवाजात सुरू होतो, आणि पहारा कान देऊन आहे म्हटल्यावर पुन्हा दबतो. समुद्राच्या वाऱ्यात तो पुढच्या चार रांगांपलीकडे पोचायचा नाही, आणि माइक लावला की दबकेपणच गेलं. वादकांसमोरची स्वरलिपीची पानं उडतात ती वेगळीच.

गद्याचं म्हणाल तर रचना आपल्या संगीत नाटकासारखीच आहे: १८१४ च्या अंतिम आवृत्तीत १६ पदं, मधे बोलणं. बोलणं काढा, मराठी सूत्रधार बसवा. दर खेपेला ६०-७० शब्द, त्याहून जास्त नको. मात्र दोन जागी कात्री लावू नका. क्रमांक १२ च्या सुरुवातीला तुरुंगाधिकारी रोक्को आणि लिओनोर तळघरात उतरतात, तिथलं बोलणं वाद्यांच्या तुकड्यांमधे गुंफलेलं आहे. ते काढलं की वाद्यं मधेच का थांबतात ते कळत नाही. दुसरी जागा क्रमांक १४ ची: ट्रम्पेट दुसऱ्यांदा वाजल्यावर तुरुंगाचा द्वारपाल याकिनो येऊन मंत्री आल्याची वर्दी देतो. ती त्यानेच द्यायची. तिथे सूत्रधार बोलला तर सगळा ताण सांडला.

तीव्र मध्यम:
ट्रम्पेटवाला प्रेक्षागृहाच्या मागच्या दाराबाहेर ठेवा. पहिली हाक दार बंद करून, दुसरी उघडून. दुसरी जवळून आल्यासारखी वाटायला हवी. घोळ होतो तो सुराचा. आत एसी, बाहेर पणजीचा उकाडा. हवा दर अंशाने तापली की फुंकवाद्याचा सूर हिशेबाने साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. फुंकेने वाद्य आतून तापलेलंच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण हाक संपताच ऑर्केस्ट्रा हळूच येतो तिथे तो उघडा पडतो. म्हणून हॉल थंड झाल्यावर, त्याच जागेवरून, दार उघडं ठेवून सूर लावून घ्या. इशाऱ्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ कॉल नको, चित्र मागे पडतं. दाराच्या फटीतून कंडक्टरकडे बघणारा एक माणूस पुरतो.

‘लिओनोर ३’ नको. तळघराचा प्रवेश आणि शेवटचा, चौकातला प्रवेश यांच्या मधे ती घालायची प्रथा पडली, त्यात नेपथ्य बदलायला वेळ मिळायचा. तुमच्याकडे नेपथ्यच नाही. वर १४ मिनिटं, आणि त्याच ट्रम्पेटच्या हाका परत ऐकवणार! सुरुवातीला ‘फिदेलिओ’चीच ओव्हर्चर घ्या. (ती १८१४ च्या पहिल्या प्रयोगाला तयारच नव्हती.)

टिंपनीवाल्याला (टिंपनी म्हणजे सुरात लावायचे मोठे नगारे) आधीच सांगून ठेवा: दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला जोडी ए आणि ई फ्लॅटमधे लागते, म्हणजे सा आणि तीव्र म. नेहमीच्या सा-प च्या सवयीने लावली तर अंधारकोठडीतली सगळी अस्वस्थता गेली. मध्यंतरातच लावून घ्यायची.

पोफळ:
तारखेचं बघा. डिसेंबरात गावोगावचे कॉयर नाताळच्या तयारीत अडकलेले. तालमीला पुरुष गोळा होणार नाहीत. कैद्यांचा कोरस निव्वळ पुरुषांचा आहे, कोरसमधले बायकांचे आवाज थेट शेवटच्या, चौकातल्या प्रवेशात येतात. २४ पुरुष तरी हवेत, त्यातले निम्मे टेनर (उंच पुरुषी आवाज). पुरुषांच्या वेगळ्या तालमी ऑक्टोबरपासून लावा. कैद्यांतल्या दोन एकल ओळी, एक टेनर आणि एक बास, कोरसमधल्यांनाच द्या.

सुरंगी:
देव बरें करूं! अकादमीच धरते. कॉन्ट्राबसून (खूप खालच्या सुराचं फुंकवाद्य) मात्र कुठेच मिळत नाही. कीबोर्डवर चालेल?

तीव्र मध्यम:
नको, थडगं खणतानाच्या द्वंद्वगीतात तो आवाज प्लास्टिकचा वाटतो. एक डबल बास वाढवा, सप्तक तेच आहे. खालच्या सी पर्यंत जाणारा मिळाला तर उत्तम. फुंकवाद्याची घरघर मिळणार नाही, पण सुराची खोली मिळते.